दुकान वारशाने येतं, परवाना येत नाही

पनवेलच्या टपाल नाक्याजवळ माझं कर सल्लागाराचं लहानसं ऑफिस आहे. माझे बहुतेक अशील किराणा, फरसाण, मेडिकल, भांडी अशा धंद्यांतले. गल्ल्यावर घरचंच माणूस बसणारे. मालक गेला की पंधरवड्यात घरचे येतात आणि म्हणतात, ‘ताई, तेवढं नाव बदलून द्या.’ नाव बदलत नसतं, हे सांगून वाईटपणा घेणं माझ्या वाट्याला येतं.

एकट्याच्या मालकीचं दुकान कायद्याच्या लेखी त्या माणसाहून वेगळं नसतं. जीएसटीचा पंधरा अक्षरी नंबर बघा. सुरुवातीचे 27 म्हणजे महाराष्ट्र आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. ज्या नंबराच्या पोटातच अण्णांचा पॅन आहे, तो काकूंच्या नावावर होणार कसा?

हे अण्णा फरसाण-मिठाईवाले, काकू त्यांच्या पत्नी. गणपतीच्या तोंडावर गेले. मुलगा ऐरोलीला नोकरीला, मुलगी लग्न होऊन रत्नागिरीला. कडबोळीपासून खव्यापर्यंत सगळा हिशेब काकूंना तोंडपाठ, पण एकाही कागदावर त्यांचं नाव नाही. मुलगा हुशार, वडिलांचा जीएसटी नंबर लगेच रद्द करायला निघाला होता. मी थांबवलं, कारण इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी वारसाने 30 दिवसांच्या आत स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यायची. मग जुन्या खात्यातली इनपुट क्रेडिटची शिल्लक आयटीसी-02 या फॉर्मने नव्या नंबरावर आणायची. त्याला सीएचा दाखला लागतो. जुना नंबर रद्द करायचा तो शेवटी. अण्णांनी आदल्याच महिन्यात पॅकिंग मशीन घेतलं होतं, त्यावरचा कर त्या शिल्लकीत होता. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने मार्च 2019 मध्ये परिपत्रक काढून ही वाट स्पष्ट केली आहे. मात्र शिल्लक येते तशी देणीही येतात. धंदा पुढे चालवणाऱ्या वारसाला आधीचा थकलेला कर चुकत नाही.

पाटीखाली चौदा आकडी नंबर असतो, तो अन्न परवान्याचा. इथे कायद्याने थोडी सवड दिली आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिने तोच परवाना कुटुंबासाठी जिवंत राहतो आणि अधिकाऱ्याला ही मुदत वाढवता येते. दुखवट्यातल्या घराला ही सवड ठाऊकच नसते आणि तीन महिने बघता बघता सरतात. मेडिकलवाल्यांची अडचण आणखी वेगळी. मालकच फार्मासिस्ट असेल, तर दुसरा नोंदणीकृत फार्मासिस्ट उभा केल्याशिवाय चिठ्ठीवरचं औषध देता येत नाही.

काउंटरवरच्या क्यूआर कोडकडे कोणाचं लक्ष जात नाही. गिऱ्हाईक स्कॅन करत राहतं, पैसे गेलेल्या माणसाच्या खात्यात पडत राहतात आणि बँकेला कळलं की खातं गोठतं. म्हणून मृत्यूची नोंद 21 दिवसांत करून दाखल्याच्या भरपूर प्रती घ्याव्यात. प्रत्येक खिडकीवर एक लागते.

‘नॉमिनी मीच आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नये. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगांवकरांच्या गुंतवणुकीवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं, की शेअर असोत वा म्युच्युअल फंड, नॉमिनेशनमुळे मालकी मिळत नाही, ती वारसा हक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगा, मुलगी आणि हयात असेल तर आई, सगळ्यांचा वाटा सारखा. म्हणून रत्नागिरीच्या मुलीचीही ना हरकत लागली. घरात एकमत नसेल तर कोर्टाची पायरी चढावी लागते. तिथला वारस दाखला आजही 1827 च्या मुंबई विनियमाखाली मिळतो.

काकूंचा गाळा जुन्या वाड्यातला, पागडीचा. एरवी त्यांना हिशेबात न धरणारे कागद इथे त्यांच्या मदतीला आले. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात, मूळ भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या जागेत धंदा करणाऱ्या घरच्या माणसाचा भाडेकरू म्हणून आधी विचार होतो. वीस वर्षं गल्ल्यावर बसल्याचं पहिल्यांदाच कुठेतरी मोल झालं.

तरी मी म्हणेन, एवढी धावपळ टाळता येते. घरातली तिघं भागीदार असली आणि ‘एकाच्या मृत्यूने फर्म मोडणार नाही’ असं कलम करारात असलं, तर फर्मचा पॅन आणि जीएसटी नंबर तोच राहतो, फक्त गेलेल्या भागीदाराचं नाव कमी करावं लागतं. दोघांच्याच भागीदारीत हे साधत नाही. एक गेला की उरलेला एकटा म्हणजे फर्म नव्हे. भागीदारी नकोच असेल, तर दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं मृत्युपत्र तरी असावं. त्याला नोंदणीची सक्ती नाही.

हे सगळं सांगितलं की बायका मान डोलावतात आणि म्हणतात, ‘ह्यांच्यासमोर असलं अभद्र कसं बोलायचं?’ मरणाचं बोलूच नका. एवढंच विचारा, की तुम्ही महिनाभर आजारी पडलात, तर दिवाळीचा माल कोणाच्या सहीने भरायचा? दुकानदाराला हा प्रश्न बरोबर समजतो.