चिन्नोरच्या बांधीतला वर्ग

बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीहून आत गेलं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात. त्यांतल्या एका गावात कृषी विषयाचे गुरुजी शाळा सुटल्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरतात. मागे अकरावीची पोरं. चिन्नोर धान निसवलेला आहे आणि त्यातली भेसळ काढायची आहे.

गुरुजी आधी धुऱ्यावर उभं राहून नुसतं पाहतात. सूर्य पाठीशी हवा, म्हणजे पानांच्या रंगातला फरक कळतो. मग एकेक ओळ धरून सगळे पुढे सरकतात. चार बोटं उंच गेलेलं झाड, आधीच निसवलेली लोंबी, दाण्यावर नको असलेलं कुसळ, वेगळ्या कोनात उभं राहिलेलं शेवटचं पान. असं काही दिसलं की झाड मुळासकट उपटायचं. विळ्याने कापलं तर खालून पुन्हा फुटवे येतात.

खरी अडचण पुढेच येते. रोवणीत एका जागी दोन-तीन पऱ्हे लावलेले असतात. परकं झाड चांगल्या झाडाला बिलगून वाढतं, मग अख्खा चूड उपटावा लागतो. इथे पोरांचा हात थबकतो, शेतकऱ्याचा तर जीवच खालीवर होतो. भरल्या लोंबीचं धान कोण फेकेल? गुरुजी घाई करत नाहीत. शेजारी उभे राहून पोवारीत समजावतात आणि शेतकऱ्याच्या हातूनच ते उपटवतात. मला त्यांचं हे शिकवणं फार मोलाचं वाटलं.

धानाचं परागीकरण बहुतेक स्वतःच्याच फुलात होतं. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी शेजारच्या वाणापासून ३ मीटर अंतर पुरतं. बिघाड होतो तो खळ्यावर आणि बांधीतच: न झाडलेल्या थ्रेशरमध्ये, जुन्या पोत्यात, गेल्या साली बांधीत सांडून उगवलेल्या दाण्यांत.

बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सुवासिक, पण उशिरा येणारा, उंच वाढून लोळणारा आणि उताऱ्याला कमी असा हा धान. नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं, तरी सुवास राहतो तो बियाण्याच्या शुद्धतेवर, आणि ती जपायला बांधीत उतरावंच लागतं.

वेगळं झाड ओळखणारी नजर किती दूर नेते, हे नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी दाखवलं. १९८३ साली ‘पटेल-३’ या वाणाच्या बांधीत त्यांना निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या जपून, वाढवून त्यांनी ‘एचएमटी’ धान दिला. म्हणून गुरुजी उपटलेलं झाडही पोरांना नीट बघायला लावतात.

जून लागला की हेच गुरुजी घरोघरी अंगणात बादली मांडतात. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. तरंगलेलं पोचट बी काढायचं, तळाचं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं. रविवारही यातच जातो आणि या कामाचा पगारात कुठे हिशेब नाही. तो असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोंदिया-भंडाऱ्याच्या धान उत्पादकांनो, यंदा कापणीआधी बियाण्यापुरती एक बांधी निवडा, तिच्यातली भेसळ काढा आणि तिचे भारे थ्रेशरला न घालता वेगळे झोडा.