‘ए भावा, गप की!’

पक्ष्यांचे आवाज टिपणाऱ्या माणसाकडून त्याच्या मूळ फायली मागून ऐकाव्यात. नेटवर चढवलेल्या, कापून-छाटून साफ केलेल्या नकोत. कोल्हापूरच्या आमच्या कंपूच्या फायलींत आधी ऐकू येतो तो माणूसच. ‘राधानगरी, पहाट, धुकं, वारा नाही,’ असं कुणीतरी दबक्या आवाजात सांगतो. तारीख, ठिकाण, हवा हे सगळं त्याच फायलीत बोलून ठेवायची रीत आहे, कारण वही भिजते, हरवते. मग शीळकरी कस्तूर सुरू होतो. शीळ लांबत जाते, आता वळण घेणार, तेवढ्यात मागून, ‘आरं, जळू लागली पायाला!’ आणि त्यावर दुसऱ्याचा दम, ‘ए भावा, गप की!’ ही ‘गप की’ आमच्या संग्रहात इतक्या वेळा आहे की तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद करायला हरकत नाही.

तसा आवाज पकडायचा नाद या गावाला नवा नाही. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट ‘प्रभात’ने 1932 साली इथेच केला आणि त्याचं ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामल्यांनी सांभाळलं. स्टुडिओत निदान ‘शांतता’ असं ओरडता तरी येतं. दाजीपूरच्या जंगलात कुणाला सांगणार?

कॅसेटच्या काळात खरी गंमत सेलची होती. हातातला टेपरेकॉर्डर पेन्सिल सेलवर चालायचा. पहाटेच्या गारठ्यात सेल मान टाकायचे, मोटर मंदावायची आणि फीत हळू सरकायची. हे तिथं कळायचं नाही. घरी ताज्या सेलवर वाजवलं की सगळं चढ्या पट्टीत आणि घाईघाईत. एका मित्राने असाच एक आवाज आणला. चार जाणती माणसं डोकं लावून बसली. कुणी म्हणालं वटवट्या, कुणी म्हणालं आपल्याकडे नोंदच नाही. शेवटी त्याच फितीत मागे एसटीचा हॉर्न वाजला, तोही पिपाणीसारखा, आणि सगळ्यांची ट्यूब पेटली. ‘नवा’ पक्षी म्हणजे शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ म्हणून सांगणारा आपला पावशा होता. त्यानंतर कंपूतल्या गाणं शिकणाऱ्या एकाने खिशात सूर जुळवायची शिट्टी ठेवायला सुरुवात केली. फीत चालू केली की आधी शिट्टीचा एक सूर भरायचा. घरी तो सूर जागेवर आला नाही, तर पक्षीही जागेवर नाही असं समजायचं.

दुसरा किस्सा शिवाजी उद्यमनगरातला. लांबचा आवाज जवळ आणायला माइकमागे खोलगट तबकडी लागते. ती आलेला आवाज एका बिंदूत गोळा करते. बाहेरून मागवायची तर किंमत खिशाबाहेर. मग ॲल्युमिनियमचा पत्रा लेथवर फिरवून भांडी काढणाऱ्या एका कारागिराला गाठलं. साठ सेंटिमीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर खोल, असं माप दिलं. त्यानं विचारलं, ‘ह्यात शिजवायचं काय?’ पक्षी ऐकायचेत म्हटल्यावर त्यानं आम्हाला एकदा खालीवर बघितलं आणि पैसे आगाऊ मागितले.

काम मात्र चोख केलं. माइक कुठं बसवायचा याचा हिशेब सोपा आहे. रुंदीचा वर्ग करायचा आणि खोलीच्या सोळापटीने भागायचं. 3600 भागिले 240, म्हणजे 15 सेंटिमीटर. खोलीही तेवढीच, म्हणजे माइक बरोबर काठाच्या पातळीत यायला हवा. कारागिराने काठावर दोन दोरे आडवे-उभे ताणून मध्य काढून दिला. खात्री करायची तर तबकडी उन्हात धरायची. प्रकाशाचा ठिपका जिथं एकवटतो, तिथंच आवाजही एकवटतो. ही परीक्षा झाली, सगळे खूश झाले आणि माइक जागेवर ठेवून, तबकडी तशीच उन्हात सोडून मंडळी जेवायला बसली. माइकवरच्या फोमच्या टोपीचा जळका वास आल्यावर धावाधाव. पत्रा इतका लखलखीत घासायची मुळात गरज नव्हती. आवाजाला चकाकी लागत नाही. मग तबकडीला आतून मळकट हिरवा रंग दिला.

तिची एक खोड पुढे कळली. तांबट, हळद्या, नाचण यांचे आवाज ती झकास उचलते. भारद्वाजाच्या घुमणाऱ्या हूप-हूपला मात्र दाद देत नाही. साठ सेंटिमीटरच्या तबकडीला साधारण 570 हर्ट्झच्या खालचे स्वर पेलत नाहीत, कारण त्यांची लहर तबकडीपेक्षा लांब असते. भारद्वाज हवा असेल तर तबकडी बाजूला ठेवून त्याच्या जवळ जावं लागतं.

आता थोडं कडू. पक्ष्याचा आवाज पहिल्यांदा यंत्रावर टिपला तो 1889 साली, जर्मनीत. लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने मेणाच्या नळकांड्यावर पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं गाणं भरून ठेवलं. तो पक्षी होता शामा, आपल्या सह्याद्रीतही गाणारा. आज त्याच शामाचा आवाज मोबाइलवर असतो आणि काही फोटोवाले तो झुडपात लपवलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर वाजवतात. हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून शामा खाणं-पिणं सोडून, शेपटी उडवत समोर येतो. फोटो झकास निघतो. खाली लिहिलेलं असतं, ‘नशिबाने दर्शन दिलं.’ हे नशीब ब्लूटूथवर चालतं, हे कुणी लिहीत नाही. विणीच्या हंगामात दर शनिवार-रविवारी नव्या टोळीने हेच केलं, तर त्या नराने पिल्लांना भरवायचं कधी? पाकिस्तानापासून इजिप्तपर्यंत लाव्यांना जाळ्यात ओढणारे शिकारीही रात्री असेच स्पीकर लावतात. हेतू वेगळा असेल, पण युक्ती एकच. ओळखीसाठी ऐकायचं तर एका कानात इअरफोन घालावा आणि दुसरा कान जंगलाला द्यावा.

मोबाइलवर सरसकट राग धरायचंही कारण नाही. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सरच म्हणतात, अलीकडे फुलटोच्या दिसेनासा झाल्याची तक्रार करायचे. झाडावर बांडगुळ आहे, मग हा कुठं गेला? वयाबरोबर वरच्या पट्टीतले स्वर ऐकू येणं आधी जातं, आणि इवलासा फुलटोच्या आधी कानालाच सापडतो. एका पोराने मोबाइलवर आवाजाचा आलेख लावून सरांपुढे धरला. पडद्याच्या वरच्या भागात बारीक रेघा टिकटिकत होत्या. सरांनी रेघ उमटली की मान वर करायची, असं करत तिसऱ्या फांदीवर पक्षी हुडकला. आता ते चष्म्याच्या जोडीला आलेखही वापरतात.

ओळख सांगणारी ॲपही अशीच आलेखाचं चित्र बघून नाव सांगतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘मर्लिन’मध्ये ही सोय 2021 पासून आहे. नवशिक्याला उपयोग नक्की होतो, पण ॲपची खोडी काढणारेही जंगलात आहेत. एकदा पडद्यावर सर्पगरुडाचं नाव झळकलं आणि पाहुण्यांचा अख्खा जथा माना वर करून आभाळ धुंडाळू लागला. जवळच्या वाडीतला गाइड शांतपणे म्हणाला, ‘पाव्हणं, वर काय बघताय? त्यो समोर बसलाय.’ समोरच्या फांदीवर लांब शेपटीचा भृंगराज होता आणि सर्पगरुडाची हुबेहूब नक्कल करत होता. पाठोपाठ त्याने शिक्राही काढला. ॲपनं तोही इमानदारीने नोंदवला.

त्या गाइडने हे हेरून ठेवलंय. आता तो पाहुण्यांना ॲप चालू करायला सांगतो, झाडाआड जातो आणि तोंडाने असा पावशा काढतो की दहातल्या चार-पाच वेळा तरी नाव झळकतं. पैज भज्यांच्या प्लेटची असते आणि हरला तरी पैसे पाहुणेच देतात.