कोरडा सांधा

लासलगावात वजन क्विंटलात बोलतं. 1947 पासूनच्या इथल्या बाजार समितीत लिलाव झाला की कांद्याचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट भुईकाट्यावर चढतो. अशा गावात दीड-दोन ग्रॅमचा हिशेब मांडणं म्हणजे थट्टाच. पण चांगल्या रेकॉर्ड प्लेअरची सुई तबकडीवर साधारण तेवढ्याच भाराने टेकते.

सुई धरणाऱ्या आर्मचं तराजूशी सख्खं नातं आहे. वाण्याच्या जुन्या तराजूची दांडी पोलादी धारेवर तोललेली असे. इंग्लंडच्या एसएमई कंपनीचा 1959 सालचा आर्म वरखाली हलतो तो अशाच धारेवर. मागे वजन, पुढे सुई. बाकी बहुतेक आर्मना बारीक छर्‍यांचं बेअरिंग असतं.

आर्म अडखळला की घरात पहिला हात जातो शिलाई मशीनच्या तेलाकडे. तिथेच चुकतं. तेलाचा मान तबकडीखालच्या फिरत्या थाळीचा. मिनिटाला 33⅓ फेरे म्हटले तरी वीस मिनिटांत ती साडेसहाशेवर फेरे घेते. तेवढ्या वेळात आर्म पाव फेराही पुरा करत नाही. त्याला तेल हवं कशाला? उलट तेलावर धूळ बसून तिची खळ होते. उन्हाळी कांद्याच्या दिवसांत जिथे माती नि पापुद्रे हवेत तरंगतात, तिथे तर ती लवकरच होणार. मग जड झालेला आर्म सुईला खाचेच्या एका भिंतीवर रेटतो आणि एका बाजूचा आवाज फाटतो, नाहीतर गाणं एकाच ओळीवर अडून बसतं.

एका टोकावर तोललेल्या काही आर्मच्या वाटीत सिलिकॉनचा दाट द्रव घालतात खरा, पण तो थरथर शोषायला. ऑटोमॅटिक प्लेअरच्या पोटातलं ग्रीस ही वेगळीच भानगड. वर्षानुवर्षांनी ते मेणासारखं थिजतं, आर्म जागेवर परतत नाही आणि आळ येतो बिचाऱ्या बेअरिंगवर. ते खरवडून, स्पिरिटने पुसून नवं लावायचं.

बेअरिंगची परीक्षा सोपी आहे. सुईला टोपण घाला, आर्मला बाहेरच्या बाजूला ओढणारं अँटी-स्केटिंग शून्यावर आणा, मागचं वजन फिरवून आर्म अधांतरी तोला आणि हलकी फुंकर मारा. न अडता सरकला, तर कशालाही हात लावू नका. चिमटीत धरून हळूच हलवल्यावर खट्‌ वाजलं, तर सांधा सैल आहे. तो आवळताना मात्र स्क्रू केसभर जास्त फिरला, तरी छर्‍यांच्या वाटेवर खळगे पडतात, आणि ते काही भरून येत नाहीत.