विश्लेषण : नवव्या महिन्यात दर आठवड्याला तपासणी कशासाठी? कोणत्या लक्षणांसाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नये?

वजन, रक्तदाब, लघवी, पोटाची तपासणी, बाळाचे ठोके. काही मिनिटांत सगळे उरकते आणि सिस्टर केसपेपरवर पुढची तारीख टाकतात. त्यासाठी मालाडहून निघून ओपीडीच्या रांगेत बसण्यात मात्र अर्धा दिवस जातो. मागच्या वेळी सगळे ठीक होते, मग आठवड्याभरात पुन्हा कशाला, असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो.

शेवटच्या टप्प्यात तपासण्या का वाढतात?

साधारण २८ आठवड्यांपर्यंत महिन्यातून एकदा, ३६ आठवड्यांपर्यंत पंधरा दिवसांनी आणि त्यानंतर दर आठवड्याला तपासणी करण्याची पद्धत आहे. गरोदरपणात किमान आठ तपासण्या व्हाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सुचवले. त्यातील पाच तर ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० व्या आठवड्यातील आहेत. कारण रक्तदाब वाढणे, बाळाची वाढ मंदावणे यांसारखे त्रास याच काळात अधिक आढळतात आणि सुरुवातीला ते जाणवतीलच असे नाही. एका आठवड्यात नॉर्मल असलेला रक्तदाब पुढच्या आठवड्यात वाढलेला असू शकतो.

कार्डावरील आकड्यांचा अर्थ काय?

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल तर डॉक्टर सावध होतात. सोबत लघवीतून प्रथिने जात असतील तर ते ‘प्रीएक्लाम्प्सिया’चे लक्षण असू शकते. वेळीच उपचार झाले नाहीत तर आईला झटके येऊ शकतात. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, तर सातपेक्षा कमी म्हणजे गंभीर रक्तक्षय. अशा वेळी बाळंतपणातील थोडा रक्तस्रावही धोक्याचा ठरतो. म्हणून लोहाच्या गोळ्या शेवटपर्यंत घ्यायच्या असतात. त्या चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नयेत, कारण त्यामुळे लोह नीट शोषले जात नाही. टेपने पोटाची उंची मोजतात ती बाळाच्या वाढीचा अंदाज घेण्यासाठी. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. ३६ व्या आठवड्याच्या सुमारास बाळाचे डोके खाली आहे की नाही हेही पाहिले जाते, कारण प्रसूती कुठे आणि कशी करायची हे त्यावर ठरते.

‘जागा कमी झाली म्हणून बाळ हलत नाही’ हे खरे का?

नाही. हा समज सर्वात धोकादायक आहे. शेवटच्या आठवड्यांत हालचालीचा प्रकार बदलतो. लाथांऐवजी वळणे, सरकणे अधिक जाणवते. पण हालचाल कमी होणे नेहमीचे नाही. शंका आली तर काही खाऊन डाव्या कुशीवर पडावे आणि हालचाली मोजाव्यात. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत किंवा बाळ रोजच्यापेक्षा शांत वाटले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी. तिथे पोटाला पट्टे लावून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात. त्याला एनएसटी म्हणतात. या तपासणीत बाळाला त्रास होत नाही.

खऱ्या कळा कशा ओळखाव्यात?

पोट मध्येच कडक होते आणि आराम केल्यावर सैल पडते, त्या बहुधा खोट्या कळा. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, वाढत जातात आणि आराम करूनही थांबत नाहीत. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा येऊ लागल्या की निघावे. रुग्णालय लांब असेल किंवा आधीचे बाळंतपण झालेले असेल तर त्याआधीच निघालेले बरे. सांगितलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच असतात. त्यामुळे ३७ व्या आठवड्यापासून तयारीत असावे.

लगेच रुग्णालय कधी गाठावे?

रक्तस्राव, पाणी जाणे (हिरवट असेल तर अधिकच घाई), न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणे, चेहरा-हातांवर अचानक सूज, ताप आणि बाळाची हालचाल कमी होणे. पायांवर थोडी सूज, पाठदुखी, वारंवार लघवी हे त्रास बहुतेकींना होतात. पण वरीलपैकी एकही लक्षण दिसले तर पुढच्या तारखेसाठी थांबू नये.

मालाडमध्ये सोय काय?

मालाड पूर्वेला महापालिकेचे एम. डब्ल्यू. देसाई रुग्णालय आहे, मालवणीत सरकारी रुग्णालय आणि शेजारच्या कांदिवलीत शताब्दी रुग्णालय आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी संस्थांमध्ये सिझेरियनसह प्रसूती, औषधे, तपासण्या मोफत आहेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी होते. लोकलच्या दिव्यांग डब्यातून गरोदर महिलांनाही प्रवास करता येतो.

२०१८-२० च्या नमुना नोंदणी अहवालानुसार दर लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७, तर महाराष्ट्रात ३३ मातांचा मृत्यू झाला. धोका ओळखायला आणि रुग्णालयात पोहोचायला होणारा उशीर हे अशा मृत्यूंमागचे एक मोठे कारण मानले जाते. मढ, मार्वे, मालवणीकडून निघताना मार्वे रोडची कोंडी आणि पावसाळ्यात साचणारे पाणी धरूनच वेळेचा हिशेब करावा लागतो. रात्री कुठल्या रुग्णालयात जायचे, गाडी कोणाची, सोबत कोण, हे ३६ व्या आठवड्यातच ठरवावे. १०८ क्रमांक घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट पिशवीत तयार असावेत. आधीच्या नोंदी हाती असल्या की रात्रपाळीच्या डॉक्टरांचा वेळ वाचतो.