मिनी डाळ मिल : यंत्र घेताना कोण काय शिकतो?



हिंगणी परिसरात कपाशीसोबत तुरीच्या ओळी घेण्याची पद्धत जुनी आहे. तूर विकायची आणि डाळ विकत आणायची, हे टाळता यावे म्हणून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' विकसित केली. असे यंत्र घेणाऱ्या गटाने एक गोष्ट समजून घ्यावी. यंत्राशी संबंधित प्रत्येक जण आपापल्या कामातून वेगवेगळे शिकतो.

कोण कशातून शिकतो?

शास्त्रज्ञ मोजमापातून शिकतो. तुरीचे साल डिंकासारख्या थराने डाळीला घट्ट चिकटलेले असते. म्हणून दाण्यावर ओरखडे पाडणे, तेल किंवा पाणी लावणे आणि वाळविणे ही प्रक्रिया ठरते. कारखान्यातील फिटर हाताने शिकतो. रोलर व जाळीतील अंतर, पट्ट्याचा ताण त्याला नेमका कळतो. मिल चालविणारा कानाने व डोळ्याने शिकतो. आवाज बदलला, चुरी वाढली, हे त्याच्या आधी लक्षात येते. शेतकरी मात्र पोत्यामागे किती डाळ पडली, यावरून पारख करतो.

अडचण कोठे येते?

समजा, चुरी वाढली. चालक तुरीला दोष देतो, फिटर चालकाला, शास्त्रज्ञ ओलावा विचारतो. तिघांचेही थोडे थोडे बरोबर असू शकते. पण नोंद नसल्यास निर्णय होत नाही. यंत्र बंद पडून राहते, कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

गटाने काय करावे?

१) तूर स्वच्छ करून चाळावी. लहान-मोठे दाणे वेगळे भरडावेत.

२) भरडतेवेळी दाण्यात साधारण ९ ते १० टक्के ओलावा असावा.

३) प्रथम १० किलो तूर भरडून डाळ, न सोललेले दाणे, चुरी व टरफल वेगवेगळे तोलावे. तुरीत टरफलच साधारण १२ ते १५ टक्के असते. त्यामुळे साडेआठ किलोच्या वर डाळीची अपेक्षा धरू नये.

४) एका वेळी एकच बदल करावा. अंतर आणि ओलावा दोन्ही एकदम बदलल्यास फरक कशाने पडला ते कळत नाही.

५) तारीख, वाण, वजने व केलेला बदल वहीत लिहावा. यात चालकाचे म्हणणेही टिपावे.

ही वही यंत्र उत्पादकाला व सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांना दाखवावी. शक्यतो दोघांना एकाच वेळी मिलवर बोलवावे. म्हणजे दोष कोठे आहे ते जागेवरच ठरेल आणि पुढील यंत्रात सुधारणाही होऊ शकेल.