नेट मध्येच जातंय? केबलवाल्याला फोन करण्याआधी हे तपासा



तुम्ही घरून फराळाच्या ऑर्डर घेताय. ग्राहकाला क्यूआर पाठवायचाय आणि नेट गेलं. पाच मिनिटांनी परत आलं, पण तोवर ग्राहकाने दुसरीकडे विचारलं. पूर्ण बंद पडलेल्या नेटपेक्षा हे येणारं-जाणारं नेट धंद्याला जास्त महागात पडतं. कारण माणूस बघायला येतो तेव्हा नेमकं सगळं चालू असतं!

म्हणून आधी बिघाड कुठे आहे ते शोधा. जागा तीनच.

१) वायफाय

दादरच्या जुन्या इमारतींत भिंतीला भिंत, आणि घरटी एक राउटर. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. संध्याकाळी सगळे घरी आले की गर्दी होणारच. लॅपटॉप एक दिवस लॅन केबलने थेट राउटरला जोडून काम करा. नेट जायचं थांबलं, तर दोष वायफायचा. मग ५ गिगाहर्ट्झ वापरा, पण राउटर कामाच्याच खोलीत ठेवा. जाड भिंतीपलीकडे ते नीट पोचत नाही.

२) घरातली वायर

मोडेमला टीव्हीसारखी गोल केबल येत असेल, तर तिचे स्क्रू हाताने घट्ट करा. आतली तार काळी-हिरवी पडली असेल, तर कनेक्टर बदलून घ्या. मध्ये स्प्लिटर आहे का बघा. एकाचे दोन केले की प्रत्येक बाजूला निम्म्याहून कमी सिग्नल जातो. नको असलेले स्प्लिटर काढायला सांगा. अडॅप्टर फार तापत असेल, तर तोही बदलून बघा.

३) बाहेरची लाइन

लॅन लावूनही नेट जातंय आणि मोडेमचा ऑनलाइन दिवा लुकलुकतोय? मग बहुतेक बाहेरचा प्रश्न. बहुतेक केबल मोडेमचं सिग्नलचं पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की उघडतं. डाउनस्ट्रीम पॉवर साधारण उणे ७ ते अधिक ७ मध्ये असावी. अपस्ट्रीम ५० च्या वर असेल, तर मोडेमला ओरडून बोलावं लागतंय असं समजा. नेट जातं त्या वेळचे आकडे फोटो काढून ठेवा.

आता वही घ्या. सात दिवस लिहा: तारीख, वेळ, किती मिनिटं, दिव्याची स्थिती, पाऊस होता का. पावसातच जात असेल तर गच्चीवरच्या जोडात पाणी शिरलं असण्याची शक्यता मोठी. रोज रात्रीच मंदावत असेल तर लाइनवर लोड.

"नेट नीट चालत नाही" म्हणू नका. "आठवड्यात नऊ वेळा गेलं, त्यातले सात वेळा पावसात, लॅन लावूनही" असं सांगा. मग समोरच्याला "आता तर चालू आहे" म्हणून निघता येत नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर घ्याच. काम झालं नाही, तर मोठ्या कंपन्यांकडे अपिलाची सोय असते, आणि तिथे हीच वही कामाला येते.

तोवर काय? दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार ठेवा. महिन्याचा तो छोटा रिचार्ज खर्च म्हणून नाही, दुकानाच्या कुलपासारखा धरा.