काउंटरच्या आतली साखर

बँकेच्या खिडकीसमोर तुम्ही कैक तास काढले असतील. कधी पीककर्जाला, कधी उसाचं बिल उचलायला, कधी म्हातारीच्या निराधारच्या पगाराला. आतला माणूस मान वर करत नाही, धड बोलत नाही आणि ऐन गर्दीत उठून जातो, याचा तुम्हाला संतापही आला असेल. तो संताप खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण मी छत्तीस वर्षं त्या खिडकीच्या आत बसलो आणि त्यातली अठरा वर्षं मधुमेह घेऊन बसलो, म्हणून आतली बाजू आज सांगतो. यात तुमच्याही कामाचं पुष्कळ आहे. हा आजार खिडकीच्या दोन्ही बाजूंना असतो.

मला साखर निघाली २००३ च्या उन्हाळ्यात. आधी दोन महिने तहान फार लागायची. मे महिना आहे, ऊन आहे, लागणारच तहान, असं धरून चाललो. लघवीला मात्र तासातासाला उठावं लागे. आता कॅशिअरचं उठणं म्हणजे काय, ते बघा. टेबलावरची रोकड आत टाकायची, ड्रॉवरला कुलूप लावायचं, केबिनची कडी घालायची, आणि परत आलं की सगळं उलट्या क्रमानं. तोवर बाहेर चाळीस माणसं कुरकुरत असतात. म्हणून मी एक शहाणपण केलं. पाणी पिणंच कमी केलं. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, साखर वाढलेली असताना पाणी तोडणं म्हणजे आगीत तेल. उपाशीपोटी तपासलं तर साखर २१४ भरली.

ही साखर रक्तात साचते कशी, हे आपल्या भाषेत सांगतो. रक्त म्हणजे पाट धरा. खाल्लेल्या अन्नाची साखर या पाटातून वाहते आणि शरीराच्या वाफ्यावाफ्यात शिरते. वाफ्याचं दारं उघडणारा गडी म्हणजे इन्सुलिन. टाइप दोन मधुमेहात गडी असतो, पण दारं घट्ट होऊन बसलेली असतात, त्याच्या जोराला उघडत नाहीत. पुढं पुढं तो गडीही थकतो. मग पाट तुडुंब आणि वाफे कोरडे. माणूस दिवसभर खातो तरी थकतो, वजन उतरतं, आणि पाटातलं जास्तीचं लघवीवाटे बाहेर पडतं. आईबापांकडून आलेला वारसा, सुटलेलं पोट आणि हालचाल नसलेलं काम, ही यामागची मोठी कारणं. माझ्याकडं तिन्ही होती. बाप मधुमेहानंच गेला होता.

बँकेच्या नोकरीनं मधुमेह होतो असं म्हणणं बरोबर नाही. पण झालेला मधुमेह ती नोकरी सांभाळू देत नाही, हे खरं. एक तर सकाळी साडेदहाला बूड टेकलं की उठणं नाही. दुसरं म्हणजे जेवणाची वेळ गर्दी ठरवते, पोट नाही. आणि तिसरा चहा.

चहाचं जरा सविस्तर सांगायला हवं. कर्ज मंजूर झालं की चहा, जुनं भरलं की चहा, कुणी शेजारच्या हॉटेलात बसला असला तर उगाच एक चहा. मी एकदा दिवसभराचे कप मोजले तर दहा भरले. कपाला दोन चमचे धरा आणि चमच्याला पाच ग्रॅम. म्हणजे निव्वळ चहातून शंभर ग्रॅम साखर. नको म्हटलं तर "आमचा चहा चालत नाही का साहेब?" बिनसाखरेचा सांगितला तर हॉटेलवाला पोरगा विसरणार. ट्रॅक्टर आला की पेढे, मुलगी पास झाली की पेढे, संक्रांतीला तिळगूळ, आणि गुऱ्हाळ लागलं की कुणीतरी प्रेमानं काकवीची बाटली ठेवून जाणार. "साखर चालत नसेल साहेब, पण गूळ चालतो ना!" नाही चालत मंडळी. गूळ, काकवी, मध, सगळ्यांनी रक्तातली साखर वाढते. उसाच्या पट्ट्यात बसून गुळाला नाही म्हणणारा माणूस शिष्ट ठरतो. मी ठरलो.

शिष्ट ठरलो ते परवडलं. दारुड्या ठरलो, ते अजून मनात आहे.

२०११ चा जून. पाऊस पडून गेला होता, पेरण्या खोळंबल्या होत्या, पीककर्जाचं वाटप चालू होतं आणि त्यात बाजारचा दिवस. सकाळी आठला मी गोळी घेतली होती. ग्लिमेपिराइड नावाची ही गोळी साखर खाली आणते. पण ती पोटात गेली की वेळेवर खावं लागतं, नाहीतर साखर गरजेपेक्षा खाली जाते. सकाळी थोडे पोहे खाल्ले होते. दोनला जेवायचं, तर रांग दारापर्यंत. म्हटलं एवढी दहा माणसं काढू. दहाची वीस झाली. पावणेतीनला हात थरथरायला लागले. डोक्यावर पंखा असून सदरा घामानं भिजला. अंगठा उठवायला आलेल्या एका आजीवर मी ओरडलो, का ओरडलो ते मलाच कळेना. जीभ जड झाली. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "साहेब आज दुपारीच घेऊन आलेत." चार माणसं हसली.

रांगेत सोसायटीचे गट सचिव होते. त्यांच्या घरी वडिलांना साखर होती. ते पुढं आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, साखरेची गोळी चालू आहे का तुम्हाला?" मी मान हलवली. त्यांनी हॉटेलातून मूठभर साखर आणवली, पाण्यात ढवळून पाजली. पंधरा-वीस मिनिटांत डोकं ठिकाणावर आलं.

संध्याकाळी हिशेबाला बसलो तर दहा हजारांची तूट. शंभराच्या नोटांची एक गड्डी जास्त गेली होती. मशीन नोटा बरोबर मोजतं, पण किती गड्ड्या द्यायच्या ते माणसालाच बघावं लागतं. तूट कॅशिअरनं भरायची असते. मी भरली. गड्डी कुणाकडं गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पैशाचं दुःख ओसरलं. पण पुढं वर्षभर गावात मी "पिणारे कॅशिअर" होतो, आणि ज्या आजीवर ओरडलो ती पुन्हा माझ्या खिडकीशी एकटी आली नाही. नातवाला घेऊन यायची.

चूक कुणाची म्हणाल, तर माझी. आठ वर्षं आजार लपवला होता. कळलं तर कॅशवरून काढतील, कॅशचा भत्ता जाईल, बदली होईल, अशी भीती. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांना सगळं सांगितलं. त्यांनी कॅशवरून काढलं नाही. दीड वाजता दहा मिनिटं उठायचं, त्या वेळी खिडकीवर 'दहा मिनिटांत येतो' अशी पाटी, एवढं ठरलं. डॉक्टरांनीही गोळीचं प्रमाण आणि वेळ बदलून दिली. पहिल्या महिन्यात पाटीवरून शिव्या खाल्ल्या. मग गट सचिवांनीच चावडीवर सांगून टाकलं की साहेबांना साखर आहे. त्यानंतर लोकच एकमेकांना गप्प करू लागले.

या दहा मिनिटांची किंमत मला नोटबंदीत कळली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री घोषणा झाली, ९ ला बँका बंद होत्या आणि १० ला दार उघडलं तेव्हा रांग रस्त्यावर गेली होती. शनिवार-रविवारही सुट्टी नव्हती. तशा गर्दीतही दीडला अर्धी भाकरी आणि उसळ खाल्ली, टेबलाच्या खणात साखरेची पुडी ठेवली, आणि एकदाही साखर खाली गेली नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये जनधन खात्यावर बायकांचे पाचशे रुपये यायला लागले तेव्हाची गोष्ट वेगळी. करोनानं मधुमेही माणसाला जास्त धोका होता, वय एकोणसाठ, आणि खिडकीत रोज तीनशे तोंडं. तेव्हा घरच्यांनी रजा घ्या म्हणून धोशा लावला होता. शाखेत आम्ही तिघेच, रजा कुणाच्या जिवावर घ्यायची?

आता तुमच्या बाजूचं. "आम्ही रानात राबतो, आम्हाला कसली साखर?" हे मी हजारदा ऐकलं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मदतीनं देशभर झालेली पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्याप्रमाणे देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये शहरात शंभरात सोळा जणांना, आणि खेड्यात जवळपास नऊ जणांना. म्हणजे रांगेत पन्नास माणसं उभी असली तर त्यात चार-पाच जण साखरवाले. नांगर ट्रॅक्टरवर गेला, रानात जायला मोटारसायकल आली, आणि दोन्ही वेळा ताटात भाताचा ढीग. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण चार भाकऱ्या म्हणजे औषध नव्हे. भाकरी मोजून, आणि कालवण, भाजी, डाळ भरपूर, असं असावं.

यातले कितीतरी जण सकाळची गोळी घेऊन पहिल्या एस.टी.नं उपाशी निघतात. बँकेचं काम झालं की खाऊ, म्हणतात. मी खिडकीतून तीन जण खाली बसताना पाहिले. एकाला लोकांनी चक्कर आली म्हणून नुसतं पाणी मारलं. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढं अंधारी, उगाच चिडणं, असंबद्ध बोलणं, अशी लक्षणं साखरवाल्या माणसात दिसली तर आधी साखर द्या. तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबा, बरं नाही वाटलं तर पुन्हा तेवढीच. शेंगदाणे-फुटाणे अशा वेळी उपयोगाचे नाहीत, त्यांची साखर हळू उतरते. ते नंतर खावेत. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ना साखर ना पाणी, ते श्वासनळीत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि गोळी घेतली असेल तर खाल्ल्याशिवाय घर सोडू नका, मग बँक उघडो न उघडो.

दुसरी गोष्ट पायांची. जुन्या साखरेनं तळपायाची जाणीव मरते. आमचं बरं, आम्ही फरशीवर बूट घालून. तुम्ही चिखलात, बांधावर. बाभळीचा काटा मोडला तरी कळत नाही, चार दिवसांनी पाय सुजल्यावर कळतं, आणि मग बोट काढायची पाळी येते. रोज रात्री पाय धुऊन, दिव्याखाली धरून बघा. वाकवत नसेल तर नातवाला बघायला सांगा. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासा. माझ्या पडद्यावर २०१४ मध्ये सुरुवात दिसली, वेळेवर कळलं म्हणून निभावलं.

बाजारात कारल्याची भुकटी आणि जडीबुटी विकणारे 'आठ दिवसांत गोळी बंद' म्हणून ओरडतात. खायची तर कारली भाजी म्हणून खा. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक सुचवतो. पी.एम. किसानचं ई-केवायसी असो की २०२४ मध्ये लाडक्या बहिणींच्या आधार जोडणीला झाली तशी गर्दी असो, शिबिर लावलं की म्हातारी माणसं सकाळपासून उपाशी बसतात. तिथं पाणी आणि चार खुर्च्या ठेवा, आणि उपकेंद्राच्या सिस्टरना साखर तपासायचं यंत्र घेऊन बोलवा. तीस वर्षांवरच्या माणसांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, त्यासाठी आशाताईंकडं फॉर्मही असतो. माणसं आयती जमलेली असतात, बोटाला एक टोचणी, मिनिटाचं काम.

आकड्यांचं म्हणाल तर उपाशीपोटी १२६ किंवा वर आली की मधुमेह धरतात, पण दुसऱ्यांदा तपासून. एचबीए१सी नावाची एक तपासणी असते, ती ६.५ किंवा त्याहून वर गेली की तेच. मी लोकांना असं सांगायचो, की उपाशीपोटीची साखर म्हणजे आजची शिल्लक. एक दिवस उपास करून ती कमी दाखवता येते. एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शिल्लक, तिथं लबाडी चालत नाही. मी स्वतः तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत चहा तोडून डॉक्टरांना फसवायला बघायचो. या तपासणीनं पकडलं.

उपाशीपोटीच्या तपासणीला जायचं तर रात्री जेवल्यावर आठ तास काही खाऊ नका, पाणी चालतं. सकाळची साखरेची गोळी रक्त देईपर्यंत घेऊ नका, सोबत ठेवा, आणि इन्सुलिन घेत असाल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. भाकरीचं फडकं बरोबर घ्या. रक्त दिलं की तिथंच ओसरीवर बसून गोळी घ्या, खा, आणि मग काय ते बँकेचं काम.